पाटी लावण्याआधी

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी मुलगी एमबीबीएस झाली, की आईवडील दवाखान्यासाठी गाळा पाहू लागतात. अशा वेळी तिने ‘मी सैन्यात जाते’ म्हटले, तर घर क्षणभर गप्प होते.

वाट मात्र नवी नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून सैन्यासाठी डॉक्टर घडवते आहे. तिथेच शिकलेल्या बालरोगतज्ज्ञ माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या.

पदवी हाती असली, तरी सैन्यात नव्याने आलेल्या डॉक्टरला लखनौच्या केंद्रात पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. कवायत, शिस्त, रणभूमीवरचे उपचार. एकदम अनेक जखमी आले, तर ओरडणाऱ्याकडे आधी धावायचे नसते. श्वास कुणाचा अडला, रक्त कुणाचे थांबत नाही, ते आधी पाहायचे. त्यासाठी दमसास हवा आणि डोके शांत हवे. पहाटेचे धावणे गावातच सुरू करावे.

आणि आईवडिलांची तयारी? बँकेत ठेवी मोजण्यात माझे आयुष्य गेले. पण मुलांवरच्या ठेवीचे व्याज आपल्याच घरी जमा व्हावे, असा नियम नाही. अल्पमुदतीची सेवा करून परतल्यावर पाटी लावता येतेच. तोवर गाळा थांबेल.