चौकोन, विषम : क्षेत्रफळ

ज्या चौकोनाच्या चारही बाजू असमान असतात व समोरासमोरील बाजू समांतर नसतात, त्यास विषम चौकोन म्हणतात. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो. चौकोनाचे तसे नाही. सैल झालेल्या बाजेची चौकट ढकलली असता तिरकी होते. तिच्या बाजूंची लांबी तीच राहते, पण आतील क्षेत्र घटते. म्हणून केवळ चार बाजूंवरून विषम चौकोनाचे क्षेत्रफळ निश्चित होत नाही. त्यासाठी कर्ण, लंब किंवा कोन यांपैकी आणखी एक माप आवश्यक असते.

सर्वांत सोयीची रीत कर्णाची होय. कर्णामुळे चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून कर्णावर लंब टाकल्यास क्षेत्रफळ = ½ × कर्ण × (दोन्ही लंबांची बेरीज). एखादा कोपरा आत वळलेला असल्यास त्याच कोपऱ्यातून निघणारा कर्ण घ्यावा. लंब काढणे अवघड असल्यास कर्ण व चार बाजू मोजून प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे काढता येते. त्रिकोणाच्या तीन बाजूंच्या बेरजेचे अर्ध घ्यावे, त्यातून एकेक बाजू वजा करावी आणि अर्ध व तीन बाकी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या उतारावरील शेताचे बांध ओढ्याच्या वळणाने गेलेले असले, तर हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. उदा., अ ब क ड या शेताच्या बाजू क्रमाने ४०, ६८, ८० व ५२ मी. आणि अ क हा कर्ण ८४ मी. आहे असे मानू. कर्णावरील लंब ३२ व ४८ मी. येतात; म्हणून क्षेत्रफळ ½ × ८४ × ८० = ३,३६० चौ. मी., म्हणजे ३३·६ आर. व्यवहारात पुष्कळदा समोरासमोरील बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. त्या रीतीने ६० × ६० = ३,६०० चौ. मी. येतात. एक गुंठा (३३ फूट × ३३ फूट) सु. १०१·२ चौ. मी. असल्याने ही तफावत सु. २·४ गुंठ्यांची होते. खरेदीत तेवढ्या नसलेल्या जमिनीचे पैसे मोजले जातात. भावांच्या वाटणीत तिरका तुकडा ज्याच्या वाट्याला येतो त्याचे नुकसान होते.

ही चूक नेहमी एकाच दिशेने होते. कोपरा काटकोनी नसेल, तर लगतच्या दोन बाजूंनी होणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्या बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून कमी असते. सरासरीची रीत मात्र चारही कोपरे काटकोनी धरते. त्यामुळे आयत सोडल्यास उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच येते.

ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात सरासरीची रीत स्थूल म्हणून दिली आहे. सूक्ष्म फलासाठी त्यांनी चार बाजूंच्या बेरजेच्या अर्धातून एकेक बाजू वजा करून बाकींच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेण्यास सांगितले. हे सूत्र चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असलेल्या चौकोनालाच लागू पडते. इतर चौकोनांत ते त्या बाजूंनी शक्य असलेले कमाल क्षेत्रफळ देते.

ही मर्यादा भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी लीलावतीत स्पष्ट केली. त्यांच्या विज्जडविड या गावाचे स्थान वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते बीड मानतात, तर अनेक जण चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर मानतात; पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. लीलावतीतील एका चौकोनाची भूमी १४, मुख ९, भुजा १३ व १२ आणि लंब १२ आहे. खरे क्षेत्रफळ १३८. ब्रह्मगुप्तांच्या सूत्राने १९,८०० चे वर्गमूळ, म्हणजे सु. १४०·७, सरासरीने १४३·७५. म्हणजे सरासरीचे उत्तर त्या बाजूंच्या कोणत्याही चौकोनास शक्य नाही. कर्ण किंवा लंब न सांगता निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यास भास्कराचार्य पिशाच म्हणतात आणि ते सांगणाऱ्यास त्याहून मोठे पिशाच.

शंकू-साखळीच्या मोजणीत हेच तत्त्व वापरले जाई : शेतातून एक मुख्य रेषा आखून तीवर कोपऱ्यांचे लंब घेत. अलीकडे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व उपग्रहाधारित उपकरणांनी कोपऱ्यांचे सहनिर्देशक मिळवून क्षेत्रफळ काढतात. सहनिर्देशकांत कर्णाची माहिती आपोआप येते. फीत घेऊन शेत मोजणाऱ्याने चार बाजू व एक कर्ण मोजावा आणि पडताळ्यासाठी दुसराही कर्ण मोजावा. वरील शेतात तो सु. ८०·१ मी. यावयास हवा, तसा न आल्यास मोजणीत कोठेतरी चूक आहे असे समजावे.