दोरी ओढली की धावत कोण येतं?

मोटारींच्या कारखान्यात साधारण मिनिटाला एक गाडी लाईनवरून उतरते. लाईन पाच मिनिटं थांबली, की पाच गाड्या गेल्या. हिशेब इतका उघड असताना लाईनवरच्या प्रत्येक कामगाराच्या हाताला लागेल अशी एक दोरी टांगायची आणि त्याला सांगायचं, की काही बिनसलंय असं वाटलं तर ओढ, कुणाला विचारत बसू नकोस! हा निर्णय जपानच्या टोयोटा कंपनीने घेतला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ही कल्पना मोटारींच्या धंद्यातली नाहीच. ती मागावरून आली.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावकडच्या वाचकांना हे जास्त सांगायला नको. ताण्याचा एक धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर माग काही थांबत नाही. धोटा इकडून तिकडे पळत राहतो, कापड गुंडाळलं जातं आणि त्यात एक बारीक रेघ लांबत जाते. म्हणून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. सुतार बापाचा मुलगा असलेल्या साकिची टोयोडाने (जन्म 1867) उभं आयुष्य या एका अडचणीपायी घालवलं. 1924 साली त्याने आणि त्याच्या मुलाने, किइचिरोने, जो स्वयंचलित माग पुरा केला, त्यात धागा तुटला की माग आपला आपण थांबे. त्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकवलेली असते; धागा ताठ आहे तोवर ती वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, आणि ती पडली की माग बंद. एवढंच! पण एवढ्याने एक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला, कारण त्याला आता मागाची राखण करायची नव्हती; जो माग थांबला, त्याच्याकडे जायचं होतं. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. पुढे किइचिरोने मोटारी बनवायला घेतल्या आणि 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

मागाला मिळालेला थांबण्याचा हक्क या कंपनीने नंतर माणसाला दिला. दोरी ओढली की काय होतं, ते बारकाईने बघा. लाईन लगेच थांबत नाही. एक ठरावीक धून वाजते, वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि त्या तुकडीचा म्होरक्या धावत येतो. गाडी तोवर पुढे सरकतच असते. जमिनीवरच्या ठरलेल्या रेषेपर्यंत ती पोचायच्या आत अडचण सुटली, तर दोरी पुन्हा ओढायची. लाईन थांबतच नाही. नाही सुटली, तरच थांबते. दोरी बरेचदा ओढली जाते, पण लाईन थांबण्याची वेळ त्या मानाने कमी येते. तेव्हा तिला लाईन थांबवणारी दोरी म्हणण्यापेक्षा माणूस बोलावणारी दोरी म्हणावं, असं मला वाटतं.

आणि तो माणूस येऊ शकतो, कारण त्याचे हात मोकळे ठेवलेले असतात. पाच-सहा कामगारांमागे एक म्होरक्या, आणि त्याला लाईनवरचं कायमचं काम नाही. पगारपत्रकाकडे बघणाऱ्याला हा खर्च खुपतो. कारखाना पाहून जाणारे दोरीचे फोटो काढतात; या मोकळ्या माणसाचा फोटो कोण काढणार?

कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँट गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे काही झालं तरी लाईन थांबवायची नाही, असा दंडक होता. चुकीच्या जोडणीच्या गाड्या तशाच पुढे ढकलायच्या आणि मागच्या आवारात नेऊन दुरुस्त करायच्या. एखाद्या दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. कामावर दारू पिणं, तक्रारींचे ढीग, संप. 1982 मध्ये कारखाना बंद पडला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने तो भागीदारीत, न्यूमी या नावाने, पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांश तेच जुने. युनियनही तीच. त्यांच्यातल्या म्होरक्यांना आधी जपानला नेऊन टोयोटाच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाला लावलं. परत आल्यावर दोरी त्यांच्या हाती आली. गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या तोडीस गेला. हे सगळं दोरीनेच झालं असं मी म्हणणार नाही. काम करण्याची सगळी रीतच बदलली होती. पण ज्या माणसांना मालकवर्ग नाठाळ म्हणत होता, ती माणसं मुळात नाठाळ नव्हती, हे तरी मान्य करावंच लागतं.

आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. धंद्यात चुका झाकणारी ती मूठ फार महाग पडते. 1990च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. ज्या वॉर्डांत माणसं एकमेकांना धरून काम करतात, तिथे चुका कमी असतील अशी तिची अटकळ होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या चमूंच्या नावावर चुका जास्त! कोडं सुटलं ते असं, की चुका सगळीकडेच होत होत्या. चांगल्या चमूत त्या बोलून दाखवल्या जात होत्या. ज्या वहीत चुकाच नाहीत, त्या वहीकडे बघण्याची नजरच या एका निष्कर्षाने बदलून जाते.

टोयोटाच्या केंटकीतल्या कारखान्यात जेम्स वाइजमन नावाचे एक अमेरिकन अधिकारी होते. शुक्रवारच्या बैठकीत त्यांनी आपल्या विभागाचं काय काय छान चाललंय, ते सांगितलं. प्रमुख होते फुजिओ चो. त्यांनी शांतपणे सुचवलं, की तुम्ही चांगले व्यवस्थापक आहात हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर तुम्हाला घेतलं. आता अडचणी सांगा, म्हणजे सगळे मिळून त्यांवर काम करू. वाइजमन यांच्या ते कायमचं लक्षात राहिलं.

बारा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला यातलं काय घेता येईल? फलक, धून काहीही नको. एक घंटा किंवा लाल दिवा पुरतो. आधी ठरवायचं ते हे, की दिवा लागल्यावर जायचं कुणी. त्या माणसाकडे मशीनचं काम ठेवू नका, निदान अर्धी शिफ्ट तरी. मालकाने किंवा फोरमनने तोंडातून पहिलं वाक्य कुठलं काढायचं, तेही आधीच पक्कं करा. ‘हे कुणी केलं?’ असं एकदा विचारलंत, की तो दिवा पुढे कित्येक महिने लागणार नाही. ‘काय दिसलं तुला?’ असं विचारलंत, तर हेल्पर पोरगासुद्धा सांगेल, की ड्रिल दोन दिवसांपासून थरथरतंय. कारण शोधताना एका ‘का’वर थांबू नका, ‘का’ पाच वेळा विचारायची टोयोटातली जुनी सवय आहे. ड्रिल का थरथरतं, बेअरिंग का झिजलं, तेल का घातलं गेलं नाही, असं विचारत गेलं की बरेचदा बोट माणसाकडून न लिहिलेल्या नियमाकडे वळतं.

पहिल्या महिन्यात दिवा इतक्या वेळा लागेल, की बंद करावासा वाटेल. तेवढं सोसा. दिवा कमी लागू लागला, की सगळं आलबेल समजण्याआधी रिजेक्शनचा आकडा बघा. तोही खाली आला असेल, तर काम सुधारलंय. रिजेक्शन तेवढंच आणि दिवा मात्र विझलेला, असं असेल, तर त्याच दिवशी शॉपवर जाऊन शेवटचा दिवा कुणी लावला होता आणि त्यानंतर त्याला कोण काय बोललं, ते शोधून काढा.