लॅबसाठी सॉफ्टवेअरचा जलकुंभ

दुपारचं प्रॅक्टिकल. लॅबमध्ये ६० पीसी, सगळ्यांवर लिनक्स. सर म्हणतात, ‘कम्पायलर इन्स्टॉल करा’ आणि पुढचा अर्धा तास तुम्ही सरकणाऱ्या टक्केवारीकडे बघत बसता. हिशेब सोपा आहे. प्रत्येक पीसीला ५०० एमबी लागले, तर कॉलेजच्या एकाच लाइनवरून ३० जीबी ओढले जातात. तेही तेच ते, ६० वेळा!

यावरचा उपाय आपण नाशिककर रोज बघतो. पाणी गंगापूर धरणाचं, पण हंडा घेऊन धरणावर कोण जातं? कॉलनीतला जलकुंभ भरतो, तिथून घरोघरी नळ. लिनक्सच्या जगात या जलकुंभाला म्हणतात ‘मिरर’. आयआयटी कानपूरच्या कम्प्युटर सायन्स विभागाचा असा मिरर प्रसिद्ध आहे. छोटा मिरर तुमच्या लॅबमध्येही उभा राहू शकतो.

डेबियन किंवा उबंटूसाठी ‘एपीटी-मिरर’ हे टूल आहे. विंडो नाही, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये एक कमांड. कोणती आवृत्ती, कोणता विभाग हवा ते ‘मिरर डॉट लिस्ट’ या फाइलमध्ये लिहायचं. टूल ते सगळं एका पीसीवर उतरवतं. पुढच्या वेळी फक्त नवीन आणि बदललेलं. मग तो फोल्डर अपाचे किंवा एनजिनएक्स वापरून लॅबच्या नेटवर्कवर खुला करायचा आणि बाकीच्या पीसींना तिथला पत्ता द्यायचा.

भेसळीची भीती वाटते? पॅकेजच्या यादीवर मूळ प्रकल्पाची डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलचा हॅश. मध्येच कुणी फाइल बदलली, तर एपीटी ती घेतच नाही.

खरा धोका आळसाचा. मिरर अपडेट झाला नाही, तर सिक्युरिटी पॅच येऊनही ६०च्या ६० पीसी उघडे राहतात. म्हणून ‘क्रॉन’ला रोज रात्रीचं काम लावून द्या. जुनी पॅकेजेस काढायची स्क्रिप्ट टूल बनवून देतं, पण ती चालवायचं तुम्ही लक्षात ठेवा. नाहीतर डिस्क तुडुंब!

आणि सगळंच उतरवायचा हव्यास नको. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत. तुमच्या सिलॅबसला त्यातली किती लागणार? डिस्क लहान असेल, तर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बरं. पहिल्याने मागितलेलं पॅकेज ते साठवतं आणि उरलेल्या ५९ जणांना तिथूनच देतं.

तेव्हा लॅबच्या सरांना विचारून बघा, कोपऱ्यातला एखादा जुना पीसी आणि मोठी डिस्क मिळते का. ऐन सबमिशनच्या आठवड्यात लाइन गेली, तरी मिररवरून तुमचं इन्स्टॉलेशन चालू राहील.