केसबारीची रांग आणि माझा प्रकल्प

वैद्यकीय व्यवसायात वीस वर्षे काढल्यानंतर पुन्हा परीक्षार्थी होण्याचा योग माझ्या वाट्याला 2003 साली आला. बडोद्यातील ज्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी फिजिशियन म्हणून काम करीत होतो, तेथे वैद्यकीय अधीक्षकाची जबाबदारी माझ्यावर आली आणि औषधांपलीकडचा कारभार आपणांस काहीच कळत नाही, हे पहिल्या महिन्यातच ध्यानात आले. म्हणून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.बी.ए.ची प्रवेशपरीक्षा दिली. मुलगा बारावीला आणि वडील एम.बी.ए.ला, अशी घरात थट्टा होई. परंतु रात्री दहानंतर एकाच टेबलावर आम्हां दोघांचा अभ्यास चाले.

लेखी विषय कसेबसे पार पडले. शेवटी उरला तो प्रकल्प. कामाच्या ठिकाणचा एखादा प्रश्न निवडावा, मार्गदर्शकाच्या संमतीने आराखडा करून तो विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यावा, माहिती गोळा करावी आणि निष्कर्षांसह अहवाल सादर करावा, असे त्याचे स्वरूप होते. विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. रोज सकाळी ओपीडीच्या व्हरांड्यातून जाताना "साहेब क्यारे आवशे?" हा प्रश्न कानी पडे. रुग्णांना इतका वेळ का ताटकळावे लागते, हाच विषय मी घेतला.

खरे सांगायचे तर उत्तर मला आधीच ठाऊक आहे, असे मी समजून चाललो होतो. दोष केसबारीचा! तेथील कारकून निवृत्तीला आलेले. चष्मा पुसत, वळणदार अक्षरात सावकाश नाव-गाव लिहिणारे. त्यांना तेथून हलवून केसपेपरचे काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपवावे, असा विचार विश्वस्तांच्या बैठकीत चालू होता. माझ्या अहवालाने त्यास आधार मिळेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. माझीही होती.

पद्धत साधी होती. प्रत्येक रुग्णाच्या हाती एक चिठ्ठी द्यावयाची आणि तिच्यावर चार वेळा नोंदवावयाच्या: रांगेत उभे राहिल्याची, केसपेपर मिळाल्याची, डॉक्टरांच्या खोलीत गेल्याची आणि बाहेर आल्याची. पहिल्याच दिवशी फजिती झाली. केसबारीवरचे घड्याळ व्हरांड्यातील घड्याळाच्या सात मिनिटे पुढे होते; त्यामुळे काही रुग्ण केसपेपर मिळण्यापूर्वीच डॉक्टरांकडे पोहोचल्याचे दिसू लागले! त्या साऱ्या चिठ्ठ्या टाकून द्याव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी कारकुनांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, ह्या चिठ्ठ्या माझ्यासाठीच आहेत ना?"

मी म्हणालो, "काका, अहवालात कोणाचेही नाव येणार नाही." हे खरे होते, पण त्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. आपण रुग्णाची संमती घेतो, तेव्हा तो नकार देऊ शकतो. अधीक्षकाने कारकुनाकडे मागितलेल्या संमतीला मात्र 'हो'शिवाय दुसरे उत्तर नसते. आपल्याच कामाच्या ठिकाणी संशोधन करणाऱ्याची खरी अडचण ही आहे आणि ती मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या एका प्रश्नाने अधिक शिकविली.

दुसरी अडचण निराळी. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात 1924 ते 1932 या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविले जातात. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, एवढ्यानेच माणसाचे काम बदलते, असा त्यांचा बोध सांगितला जातो. पुढील अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या. तरी आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सगळेच विलक्षण तत्पर झाले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले. तो आठवडा मी हिशेबात धरला नाही.

चिठ्ठ्या जुळवून पाहिल्या, तेव्हा केसबारीपुढचा खोळंबा अगदी किरकोळ निघाला. ताटकळणे सुरू होत होते ते डॉक्टरांच्या दारापाशी. ओपीडीची वेळ नऊची. पहिला रुग्ण आत जाई तो पावणेदहाच्या सुमारास. याचे गणित सोपे आहे. एका रुग्णाला सहा मिनिटे लागतात आणि दर सहा मिनिटांनी एक नवा रुग्ण येतो, असे धरा. डॉक्टर पंचेचाळीस मिनिटे उशिरा आले, तर पहिल्या रुग्णाचीच नव्हे, अकरा वाजता येणाऱ्याचीही पंचेचाळीस मिनिटे जातात. सकाळचा तो उशीर दिवसभर भरून निघत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी 1952 सालीच रुग्णालयातील रांगांचा अभ्यास करून सुचविले होते की, आरंभी दोन रुग्ण हजर ठेवावेत आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या वेळेइतक्या अंतराने बोलवावे. परंतु डॉक्टरच वेळेवर आले नाहीत, तर या नियमाचा उपयोग तो काय?

आणि उशिरा येणाऱ्यांत मी होतो. सकाळी वॉर्डाची फेरी, मग कार्यालयातील सह्या. कारणे सगळी सबळ होती. व्हरांड्यात बसलेल्याला ती दिसत नव्हती, एवढेच.

1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांना बाळंतज्वराचे कारण डॉक्टरांच्या स्वतःच्या हातांवर सापडले, हे आपण सारे शिकलो आहोत. त्या थोर पुरुषाशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कारण बाहेर शोधावे आणि ते आपल्याच हातावर निघावे, हा अनुभव कसा असतो, ते मला त्या रात्री समजले.

मसुदा वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचविले, "हा भाग परिशिष्टात टाका, वाचणारे गैरसमज करून घेतील." मी तो मूळ अहवालातच ठेवला. नाव न देण्याचे वचन सर्वांना दिले होते, ते पाळले. अपवाद एकच केला: माझ्या खोलीच्या वेळा माझ्या नावानिशी प्रथम दिल्या. विश्वस्तांनी एजन्सीचा विचार सोडला. ओपीडी आणि वॉर्डाची फेरी यांच्या वेळा बदलल्या. रांग नाहीशी झाली नाही, पुष्कळ आखडली. ते सहकारी कित्येक महिने माझ्याशी मोजकेच बोलत.

पदवी मिळाली. कारकून आपल्या वेळेवर, सन्मानाने निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी त्यांच्या अक्षराची स्तुती केली. ह्या प्रकल्पाचा आरंभ मी त्यांना दोषी धरून केला होता, हे मात्र मी त्यांना कधीच सांगितले नाही. आज ते हयात नाहीत. अहवालात न लिहिलेला तेवढा एक निष्कर्ष या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहून ठेवीत आहे.

माझ्या तरुण व्यवसायबंधू-भगिनींना एकच विनंती. आपल्या दवाखान्यातील गर्दीचे कारण शोधावयाचे असेल, तर पहिली चिठ्ठी स्वतःच्या नावाची लिहावी. आणि तत्पूर्वी सगळी घड्याळे एकदा जुळवून घ्यावीत.