हायड्रोजनचं सोवळं

माझा भाचा सॅन होजेजवळ राहतो. सकाळी चहाच्याही आधी तो फोन उघडून बघतो, कुठल्या पंपावर किती किलो हायड्रोजन शिल्लक आहे. २०२४च्या मार्चमधल्या एका सकाळी जवळचा पंप बंद होता. महिनाभरापूर्वीच शेल कंपनीने कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे आपले सगळे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले होते, त्यामुळे उरलेल्यांवर झुंबड. आम्ही दोघं वीस मैलांवरच्या पंपावर पोचलो, तर पुढे तीन गाड्या. तिन्ही त्याच्या गाडीसारख्याच, हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई.

पुढच्या बाईंचं भरून झालं, पण नॉझल निघेना. ७०० बार दाबाने भरताना टाकी तापते, म्हणून वायू उणे ४० अंशांच्या आसपास थंड करून सोडतात. मग हवेतल्या ओलाव्याचा बर्फ धरतो आणि नॉझल गाडीला चिकटून बसतं. बाईंनी मुकाट्याने बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, जरा थांबल्या आणि हिसका दिला. कुणी वळूनही पाहिलं नाही.

भरायला लागली पाच मिनिटं. वाट पाहण्यात पाऊण तास गेला.

"शुद्ध असतो ना रे हा?" मी विचारलं.

"९९.९७ टक्के, मामा. त्याहून कमी चालतच नाही."

गाडीतला फ्युएल सेल हायड्रोजनपासून वीज करतो, आणि मागे पाणीच उरतं. पण तो भलताच सोवळ्याचा. त्यातल्या प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइडचा विटाळ सोसत नाही. एक कोटी रेणूंत फार तर दोन. त्याहून जास्त झाले की ते प्लॅटिनमवर ठाण मांडतात आणि हायड्रोजनला जागाच उरत नाही. गंधकाची मर्यादा तर याच्याही पन्नासाव्या हिश्शाइतकी.

पण एवढं कडक सोवळं पाळणारा हा सेल हायड्रोजनचं कूळ मात्र विचारत नाही. नैसर्गिक वायू आणि वाफेपासून काढलेला हायड्रोजन गाळून तितकाच शुद्ध होतो; फक्त किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड कारखान्यातच हवेत गेलेला असतो. विजेने पाणी फोडून काढावा, तर किलोला पन्नासेक युनिट लागतात, आणि ती वीजही सूर्याची किंवा वाऱ्याची हवी. त्या एका किलोत मिराई शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. तीच पन्नास युनिटं बॅटरीच्या मोटारीत भरली, तर ती सहज अडीचशे-तीनशे किलोमीटर पळते. मला विचाराल तर पंप बिघडणं, नॉझल गोठणं हे किरकोळ. खरी अडचण या हिशेबात आहे. अशी स्वच्छ वीज हाती आली, तर ती हायड्रोजनवर कोण खर्च करील? पोलाद आणि खतांचे कारखाने करतील, कारण त्यांना दुसरा मार्ग फारसा नाही. मोटारीला आहे.

घरापाशी भाच्याने डॅशबोर्डवरचं बटण दाबलं. गाडीखालून स्वच्छ पाणी डांबरावर सांडलं.

किलोचा भाव होता ३६ डॉलर. पैसे गाडीबरोबर मिळालेल्या १५,००० डॉलरच्या इंधन-कार्डातून गेले. कार्डाची मुदत जुलैपर्यंत होती.