गर्भाशयग्रीवेची दुर्बलता

गर्भाशयाचा आकार उलट्या धरलेल्या नासपतीसारखा असतो. त्याच्या खालच्या निमुळत्या भागास गर्भाशयग्रीवा म्हणतात. दिवस भरेपर्यंत मिटलेले राहून गर्भाचा वाढता भार पेलणे, हे तिचे कार्य होय. प्रसूती जवळ आली म्हणजे ती मऊ पडते, आखूड होते व उघडते. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र हे सारे चौथ्या ते सहाव्या महिन्यातच, फारशा वेदना न होता घडते. पाणमोट खाली उतरून फुटते आणि निरोगी गर्भही जगण्याजोगा होण्यापूर्वीच बाहेर पडतो.

असा आघात सोसलेली स्त्री पुन्हा गरोदर राहिली, की तिचा प्रत्येक दिवस धास्तीत जातो. जिना चढल्याने, घागर उचलल्याने किंवा प्रवास केल्याने असे झाले, असा दोष तिला दिला जातो. तो सर्वथा अन्यायाचा आहे. ही दुर्बलता कधी जन्मजात रचनेमुळे, कधी पूर्वीच्या प्रसूतीत झालेल्या इजेमुळे, तर कधी ग्रीवेवरील शस्त्रक्रियेमुळे येते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. मात्र प्रत्येक गर्भपाताच्या मुळाशी ही दुर्बलता नसते. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपात बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. म्हणूनच मागील गर्भ कितव्या महिन्यात गेला आणि आधी कळा आल्या की पाणी गेले, हे डॉक्टर बारकाईने विचारतात.

या विकारावरील उपचाराच्या इतिहासात भारताचे नाव ठळक आहे. मूळचे गोव्याचे व मुंबईत कार्य केलेले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली आपली पद्धती प्रसिद्ध केली. मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी काढून ती त्यांनी ग्रीवेभोवती बांधली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील इयन मॅकडोनाल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचविला. बटव्याच्या तोंडाशी नाडी ओवावी, तसा तो ग्रीवेभोवती ओवून आवळतात. हे दोन्ही टाके त्यांच्या नावांनी आज जगभर ओळखले जातात.

अशी हानी वारंवार झाली असल्यास टाका साधारणतः बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात घालतात. इतर स्त्रियांच्या बाबतीत योनिमार्गे सोनोग्राफी करून ग्रीवेची लांबी वेळोवेळी मोजतात. चोविसाव्या आठवड्यापूर्वी ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी आढळल्यास टाका किंवा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा विचार होतो. सारे सुरळीत असल्यास छत्तिसाव्या ते सदतिसाव्या आठवड्यात टाका काढतात. टाका म्हणजे हमी नव्हे. त्यात जंतुसंसर्गाचा व पाणमोट फुटण्याचा धोका असतो. जंतुसंसर्ग, रक्तस्राव किंवा कळा सुरू असताना तो घालत नाहीत. महिनोन्‌महिने अंथरुणास खिळून राहिल्याने लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट त्यामुळे पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती वाढते.

म्हणून पूर्वी असा प्रसंग ओढवलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच, तिसरा महिना सरण्याची वाट न पाहता, डॉक्टरांना भेटून मागील हकिगत मोकळेपणाने सांगावी. ओटीपोटात खाली दाब जाणवणे, कंबरेत नव्याने दुखू लागणे, पाण्यासारखा किंवा रक्तमिश्रित स्राव होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरच्यांनी तिला दोष न देता वेळेवर तपासणीस न्यावे, हाच तिला खरा आधार.