नवे आयर्न घेतलेत? आधी लॉफ्ट पाहा

येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर किंवा बावधनजवळच्या ऑक्सफर्डवर हौशी खेळाडूंच्या बॅगेत हमखास दिसतात ते 'गेम-इम्प्रूव्हमेंट' आयर्न. त्यांच्या मुखाची मागची बाजू पोकळ असते आणि वजन कडेला व तळाशी सरकवलेलं असतं. त्यामुळे चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी क्लब कमी वळतो आणि अंतर फारसं घटत नाही. वजन खाली असल्याने चेंडूही सहज उंच जातो. कडेला वजन देण्याची ही कल्पना रुजवली 'पिंग'चे संस्थापक, अभियंते कार्स्टन सोल्हाइम यांनी. 1982चा 'आय टू' संच त्यातला सर्वांत गाजलेला.

नव्या संचाचा सेव्हन आयर्न लांब जातो, याचं मोठं कारण लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या मुखाचा मागे झुकलेला कोन. पूर्वी तो 34-35 अंशांचा असे, आता बऱ्याच संचांत 28 ते 30. पिचिंग वेजही 43-44 अंशांवर आल्याने 56 अंशांच्या सँड वेजपर्यंत मोठी दरी पडते. ती भरायला 49-50 अंशांचा गॅप वेज घ्याच; मात्र नियमाप्रमाणे बॅगेत 14पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत.

या आयर्नचा रुंद तळ पावसाळ्यातल्या ओल्या जमिनीत कमी रुततो. उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर मात्र तोच उसळू शकतो, म्हणून तिथे चेंडू आधी, जमीन नंतर, हे कटाक्षाने पाळा. अंतरं छापील तक्त्यावरून ठरवू नका; रेंजवर प्रत्येक क्लबने स्वतः मोजा.